घरच्या माणसाची फेरी

कंपनीची वार्षिक सभा आईच्या जेवणाच्या टेबलाशी भरायची. ही आप्पांची पद्धत. आप्पा जाऊन बारा वर्षं झाली, कारखान्याच्या दोन शेडच्या पाच शेड झाल्या, थोरला मुलगा विरोधी पक्षनेता झाला, पण सभेची जागा बदलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. वर्षातला तो एक रविवार, सकाळी दहाच्या ठोक्याला सगळे हजर. उशीर झाला तर आई बोलायची नाही, नुसती घड्याळाकडे बघायची. त्यापेक्षा बोललेली बरी, असं सगळ्यांना वाटायचं.

ताई पावणेदहालाच आली. चौथ्या मजल्यावर जायला जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती, आप्पांनी बनवलेली पहिली, क्रमांक एक. ताई कारखान्यातली सगळ्यात मोठी इंजिनिअर, तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय नकाशाचा कागद हलत नाही. पण या लिफ्टमध्ये पाय ठेवला की ती नऊ वर्षांची व्हायची. नऊ वर्षांची असतानाच आप्पांनी तिला पहिल्यांदा फेरीला नेलं होतं.

फेरी म्हणजे या घराण्याचा हट्ट. नवी लिफ्ट ताब्यात द्यायच्या आधी तिच्यात वाळूची पोती भरून पूर्ण वजन करायचं आणि त्या पोत्यांबरोबर घरच्या एका माणसाने आत उभं राहायचं. वर मिस्त्री ब्रेक सोडणार. लिफ्ट खाली सुटणार. वेग वाढला की खटका पडून लिफ्टखालची पोलादी पकड दोन्ही बाजूंचे रूळ आवळणार आणि लिफ्ट अधांतरी थांबणार. मग आतल्या माणसाने ओरडून सांगायचं, "धरली!" आणि खाली येऊन रजिस्टरमध्ये सही करायची. आपलं माणूस बसत नाही तिथे दुसऱ्याचं माणूस बसवायचं नाही, असं आप्पा म्हणायचे. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी कारखाना उभा केला होता.

आज चार मजले ताई पर्स दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्या पर्समध्ये बोटभर लांबीची एक लाल खीळ होती.

पकड कारखान्यातून निघाली की ट्रकमध्ये तिचे जबडे खडखडू नयेत म्हणून अशी खीळ घालतात. जागेवर बसवली की काढायची. विसरली तर पकड मिटतच नाही. पण विसरली तरी फेरीत उघडकीला येणारच, घरचं माणूस आत असतं. काल संध्याकाळी म्हातारे मिस्त्री तिच्या दारात येऊन रडले होते. सरकारी हॉस्पिटलातली पडलेली लिफ्ट चौकशी समितीसमोर खोलताना त्यांना ही खीळ पकडीत सापडली आणि त्यांनी ती हळूच खिशात टाकली. "समितीला कळलं नाही, ताई. आप्पांची अब्रू आहे. तुम्ही काय ते करा," म्हणाले आणि पाणीही न घेता निघून गेले.

बारा दिवसांपूर्वी ती लिफ्ट पाचव्या मजल्यावरून कोसळली होती. वॉर्डातली एक आया गेली. लिफ्टमनचे दोन्ही पाय मोडले. अकरा महिन्यांत देखभालीला एकदाही माणूस फिरकला नव्हता, तेल गळून गळून ब्रेक बुळबुळीत झाला होता, हे सगळं खरं. दादा तेच बारा दिवस सभागृहात आणि रस्त्यावर घसा फोडून सांगत होता. पण ब्रेक गेला तरी पकडीने धरायला हवं होतं. पकड असते ती त्याचसाठी.

शुक्रवारी सत्ताधाऱ्यांनी डाव उलटवला. लिफ्ट कोणाच्या कारखान्याची, असं विचारलं. दादा उठला आणि म्हणाला, "माझ्या घरच्या. आणि आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये आधी आमच्या घरचं माणूस बसतं. त्याचं रजिस्टर आहे. सोमवारी ते रजिस्टर या सभागृहासमोर ठेवतो. तुम्ही आरोग्यमंत्र्यांचा राजीनामा ठेवा." त्याच्या बाजूची बाकं अशी वाजली की अध्यक्षांना पाच मिनिटं कामकाज थांबवावं लागलं. दीड महिन्यावर निवडणूक आली होती. एकोणीस वर्षं विरोधी बाकावर काढल्यावर यंदा त्याचं सरकार येणार, हे त्याचे वैरीसुद्धा चहा पिता पिता कबूल करत होते.

ते रजिस्टर आईच्या कपाटात होतं. आणि आज, दरवर्षीप्रमाणे, आई ते मोठ्याने वाचणार होती.

*

धाकट्याने भिंतीकडची खुर्ची पकडली होती. त्याला घरात बाळ म्हणतात. बाळ एकावन्न वर्षांचा आहे, गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि एकोणीस वर्षं तो एकटा कारखाना ओढतोय. पण बाळ तो बाळच.

"दोन दिवस फोन करतोय," तो दादाच्या मुलीला दबक्या आवाजात म्हणाला. "दादाशी बोलायचंच होतं."

"काका, मी म्हटलं ना, काम असेल तर मला सांगा. बाबांना श्वास घ्यायला वेळ नाहीये." तिला घरात पिल्लू म्हणतात. हे सत्तावीस वर्षांचं पिल्लू दादाची भाषणं लिहितं आणि पक्षाच्या चार-चार प्रवक्त्यांना बोटावर नाचवतं.

"तुला सांगण्यासारखं नव्हतं."

"मग आता सांगा की."

एवढ्यात दादा आला. अंगरक्षक खालीच ठेवून, एकटा. आईच्या पाया पडला, ताईच्या पाठीवर थाप मारली आणि धाकट्याला म्हणाला, "काय रे, तब्येत काय म्हणते?" उत्तराची वाट न बघता तो खुर्चीत बसला. पूर्वी तो असा नव्हता, धाकट्याच्या मनात आलं. पूर्वी तो थांबायचा.

"फोन," आई म्हणाली.

"आजी, फोन बंद केले तर पक्ष थांबेल."

"थांबू दे. एकोणीस वर्षं थांबलाच आहे ना, आणखी तासभर." दादा स्वतःच मोठ्याने हसला. त्या दिवशी टेबलाशी हसू फुटलं ते तेवढंच.

नफातोट्याचे कागद आईने नेहमीसारखे पाच मिनिटांत उरकले. मग निळ्या कापडी पुठ्ठ्याचं ते जाडजूड रजिस्टर पुढे ओढलं, भिंग हातात घेतलं. एक्याऐंशीव्या वर्षी आवाज मात्र अजून खणखणीत. क्रमांक वाचायचा, ठिकाण वाचायचं, सही कोणाची ते सांगायचं आणि विचारायचं, धरली? ज्याची सही त्याने उत्तर द्यायचं. वर्षाच्या सगळ्या फेऱ्या अशा झाल्या की सभा संपली.

"दोन हजार तीनशे चौदा. बँक. बाळ. धरली?"

"धरली," धाकटा म्हणाला. पुढची फेरी ऑपरेशनआधीची शेवटची, आणि तिच्यानंतरच्या ओळीत काय आहे ते त्याला पाठ होतं.

"पंधरा. शाळा. बाळ. धरली?"

"धरली."

"सोळा. सरकारी हॉस्पिटल, पूर्वेकडची लिफ्ट." आई थांबली. ही तीच लिफ्ट, हे तिलाही कळत होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दादाने धाकट्याकडे बघितलं, धीर धर अशा नजरेने, कारण त्याच्या मते तिथे धाकट्याची सही होती. आईने भिंग सरकवलं, एकदा, दोनदा.

"थोरला," ती म्हणाली आणि वर बघितलं. "धरली?"

"धरली," दादा म्हणाला.

चाळीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून गेला आणि मग तो काय बोलला ते त्याचं त्याला कळलं.

*

ताईने पर्स उघडली आणि खीळ टेबलावर ठेवली. लाकडावर तिचा जरासा आवाज झाला.

या घरात खीळ ओळखायला कोणाला भिंग लागत नाही.

"कुठली ही?" दादाने विचारलं.

"सोळा नंबरची. पकडीत होती. मिस्त्रींनी काढून आणली. समितीला माहीत नाही."

"फेरी झाली असती तर ही…"

"झालीच नाही फेरी."

"मग माझी सही कशी?"

धाकट्याने घसा साफ केला. "दादा, माझं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. तू पोटनिवडणुकीच्या सभांना गेला होतास. मी पलंगावरून तुला फोन केला. म्हटलं, घरचं कोणी मोकळं नाही, आठवडाभर थांबू या. तू म्हणालास, परवा उद्घाटन आहे, उशीर झाला तर म्हणतील विरोधी पक्षनेता मुद्दाम अडवतोय. रजिस्टर ड्रायव्हरबरोबर पाठव, सही करतो, बाकी तुम्ही बघितलंय ना."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालास. मी म्हटलं, मी कुठे बघितलंय, मी पलंगावर आहे. तू म्हणालास, बरं बरं, आणि फोन ठेवलास. तिथे तुझ्यासाठी घोषणा चालल्या होत्या, मला ऐकू येत होत्या."

"आणि सरकारी तपासनीस?"

"त्याने सही बघितली. म्हणाला, तुमच्या घरची सही आहे म्हणजे झालं, आम्ही आणखी काय बघणार."

दादाला गाडी आठवली. मांडीवर ठेवलेलं निळं रजिस्टर, खिडकीतून आत येणारे हात, कोणीतरी दिलेलं पेन. सही केलेली मात्र आठवेना.

*

पिल्लूच्या डोक्यात तोवर गणित सुरू झालं होतं. तिला बाबांची पहिली निवडणूक आठवत होती. ती आठ वर्षांची होती, प्रचाराच्या गाडीत मागच्या सीटवर झोपायची. भाषण एकच असायचं, तिला ते झोपेतही ऐकू यायचं. 'मी लिफ्ट बनवतो. माझ्या लिफ्टमध्ये आधी मी बसतो. या सरकारातला एक तरी मंत्री आजारी पडला तर सरकारी हॉस्पिटलात झोपतो का? त्याचं मूल सरकारी शाळेत बसतं का?' लोक टाळ्या वाजवून थकत नसत. लिफ्टवाला, म्हणायचे, लिफ्टवाल्याला मत द्या. या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, ना जात, ना घराणं, ना गुंड. एवढंच एक वाक्य होतं. आणि आता ते वाक्य त्या लाल खिळीला लटकलं होतं. पिल्लूला भीती वाटली, खरीखुरी.

"किती जणांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"पिल्लू," ताई म्हणाली.

"आत्या, विचारतेय फक्त. आपण पाच आणि मिस्त्री. बरोबर? मग ऐका. उद्या रजिस्टर जाणार नाही. चौकशी सुरू आहे, वकिलांचा सल्ला आहे, एवढं म्हणायचं. बाबा, तुम्हाला एकही शब्द खोटा बोलायचा नाही. तेल गळत होतं, खरं. देखभाल नव्हती, खरं. फक्त एक गोष्ट बोलायची नाही."

"ती बाई मेली आहे, पिल्लू."

"माहितेय मला! बाबा गप्प बसले नाहीत तर ती परत येणार आहे का? आणि तेच लोक निवडून आले तर आणखी किती लिफ्ट, किती हॉस्पिटलं… सांगा ना!"

ती काही मूर्खासारखं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

धाकट्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "दुसरा मार्ग आहे. ती सही मी केली असं सांगू. घाई असली की कंपनीच्या कागदांवर त्याची सही मी कितीदा केली आहे, बँकेला कळत नाही तर सभागृहाला काय कळणार. रजिस्टर ठेवा उद्या. धाकट्या भावाने फसवलं म्हणा. मला काय, माझं आयुष्य शेडमध्ये गेलं, राहिलेलं आत जाईल. कोण ओळखतंय मला?"

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. त्यात त्याग होता, आणि एकोणीस वर्षांचा राग पण होता.

ताई दादाकडे बघत होती. दादाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. क्षणभरच, पण दिसली. तिला त्याची अशी चीड आली की टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

"बाळ, गप्प बस," आई म्हणाली. रजिस्टरवरचा हात न काढता ती ताईकडे वळली. "आणि तू गं? त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"मी?"

"तू. घरी होतीस?"

"तिथेच होते, आई. लिफ्टच्या दाराशी."

"हॉस्पिटलात?"

"पोती भरून झाली होती. मिस्त्री वर गेले होते. मी बाळला फोन केला, म्हटलं, मी चढते. तो म्हणाला, ताई, तुझी सही चालत नाही, दादा बघतोय काय ते. मग मी पोती उतरवायला सांगितली."

"चढली का नाहीस? कोणी हात धरला होता तुझा?"

ताई हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "तू धरला होतास. माझं लग्न झालं त्या वर्षीची सभा आठव. याच टेबलाशी. तू म्हणालीस, आता हिची सही नको, ही दुसऱ्या घरची झाली. आप्पा खाली बघत राहिले. हा गप्प, तो गप्प. तीस वर्षं मी इथे काम करते. ती पकड माझ्या नकाशावरून बनते. कुठल्या खिळीला कुठला रंग, ते मी ठरवलं. पण घरचं माणूस मी नाही. मग कशाला चढू? नियम म्हणजे नियम, म्हटलं मनात. हो, रागाने म्हटलं. रागाने पोती उतरवली आणि खीळ बघायला वाकलेसुद्धा नाही. बारा दिवस मला तेच दिसतंय."

तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. मग ती स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "म्हणजे त्या बाईला मी मारलं."

"आई, असं काय बोलतेस," धाकटा म्हणाला.

"मग कसं बोलू? तू सांग."



*

दादाला शिंपी आठवत होता. त्या आयाचा नवरा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दादा त्याच्या खोलीवर गेला होता. शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला शाळेचा शर्ट होता. कॅमेरे होते तोवर शिंपी नुसता बसून राहिला. कॅमेरे गेल्यावर म्हणाला, "साहेब, एक विचारू? तुमच्या घरचं माणूस आधी बसतं ना त्यात? बायको नेहमी सांगायची, ही लिफ्टवाल्यांची लिफ्ट आहे, भ्यायचं कारण नाही. मग पडली कशी?"

त्यात आरोप नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. दादाने त्याचा हात हातात घेतला होता, बोटं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली, आणि सांगितलं होतं, "दोषी कोणीही असो, मी सोडणार नाही."

मनापासून सांगितलं होतं. आणि मघाशी, धाकट्याने मान पुढे केली तेव्हा, आपल्याला केवढं बरं वाटलं! त्याला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्याला कुठल्या पराभवाने वाटली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "सोळा परत वाच."

"कशाला आता?"

"वाच ना."

आईने भिंग उचललं. "दोन हजार तीनशे सोळा. सरकारी हॉस्पिटल, पूर्वेकडची लिफ्ट. थोरला." मग, पहिल्यांदाच अडखळत, "धरली?"

"मी नव्हतो, आई. कोणीच नव्हतं."

आईने रजिस्टर त्याच्याकडे वळवलं आणि पेन दिलं. "लिही मग."

त्याने आपल्या सहीखाली तेच लिहिलं. खालच्या ओळीत, सतरा, पश्चिमेकडच्या लिफ्टसमोरही त्याचीच सही होती, त्याच गाडीत केलेली. तिच्याखालीही लिहिलं.

"बाबा, एकोणीस वर्षं!" पिल्लू रडत होती. "एकोणीस वर्षं, आणि दीड महिना राहिलाय!"

"हो गं. पण ती एकोणीस वर्षं मिळाली याच रजिस्टरवर." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. मग परत ओढून धरला.

ताई उठून जिन्याच्या खिडकीशी गेली आणि मिस्त्रींना फोन लावला. "पश्चिमेकडची लिफ्ट बंद आहे ना अजून? कोणाला जवळ जाऊ देऊ नका. समितीला सांगा, उद्या त्यांच्यासमोर तिची पकड उघडायची."

*

सोमवारी पिल्लू सज्जात बसली होती. हे भाषण तिने लिहिलं नव्हतं.

दादाने निळं रजिस्टर समोर ठेवलं, त्यावर खीळ ठेवली. "अध्यक्ष महाराज, शुक्रवारी मी सांगितलं की आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये आधी आमच्या घरचं माणूस बसतं. या लिफ्टमध्ये कोणी बसलं नव्हतं. सही माझी आहे. मी सभेला गेलो होतो, गाडीत सही केली. ही खीळ पकडीत राहिली म्हणून पकडीने धरलं नाही. आमच्या एका जुन्या माणसाने ती आमच्या अब्रूसाठी लपवली, त्याचाही जाब मलाच विचारा."

त्याच्याच बाजूचे लोक समोरच्या कागदात काहीतरी शोधू लागले होते.

"ब्रेकवर तेल गळत होतं, देखभाल झाली नाही, हेही खरंच आहे. आरोग्यमंत्र्यांचा राजीनामा मी अजून मागतो. पण आधी माझा. पक्षनेतेपदाचा आणि या जागेचा." त्याने कागद पुढे केला. "मी एका माणसाला शब्द दिला होता, दोषी कोणीही असो. तो शब्द मी देताना कोणाला देतोय, तेवढं मला ठाऊक होतं. कोणाविषयी देतोय, ते नव्हतं."

मग जो गदारोळ उठला त्यात पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. पिल्लूने बघितलं, बाबांनी पाण्याचा पेला उचलला, पिऊन संपवला आणि ते दाराकडे चालू लागले. वाटेत एकाही हाताने त्यांचा हात धरला नाही. जिन्यावर ती त्यांना गाठायला धावली, पण ते मागच्या दाराने निघून गेले होते.

*

पश्चिमेकडच्या लिफ्टच्या पकडीतही तशीच लाल खीळ निघाली. समितीच्या अधिकाऱ्याने ती पिशवीत घालून सील केली. जोडीने बसवलेल्या दोन लिफ्ट, अकरा महिने रोज शेकडो माणसं चढत-उतरत होती. खाली बसून ताईने पकड स्वतःच्या हाताने साफ केली, जबडे चार वेळा मिटवून बघितले आणि म्हणाली, "भरा पोती."

रजिस्टर सभागृहाच्या ताब्यात गेलं होतं. सकाळी आईने तिला नवी वही दिली होती. पहिल्या पानावर, आईच्या अक्षरात, लिफ्टचा क्रमांक आणि ठिकाण. पुढे लिहिलं होतं, 'घरचं माणूस: लेक.'

तळमजल्यावर पोती चढवून होत आली तेव्हा दादा आला. एकटा, चालत. सरकारी गाडी परत दिली असणार. कॉरिडॉरच्या बाकावर शिंपी बसला होता, त्याला समितीने जबाबासाठी बोलावलं होतं. दादा त्याच्यासमोर थांबला, हात जोडले. शिंप्याने त्याच्याकडे बघितलं. उठला नाही. दादाने जोडलेले हात हळूहळू खाली घेतले आणि तो लिफ्टकडे आला.

"मी येऊ?"

"वजन पूर्ण भरलंय," ताई म्हणाली. "तुझं किती?"

"ब्याऐंशी."

"दोन पोती काढ मग."

त्याने बाह्या वर केल्या. पहिलं पोतं उचलताना तो तोल जाऊन भिंतीला टेकला, कमरेत कळ आली असावी, पण मिस्त्री पुढे झाले तेव्हा त्यांना हाताने थांबवलं. दुसरंही स्वतःच बाहेर ठेवलं. पांढरा सदरा वाळूने माखला. मग तो आत शिरला आणि बहिणीच्या शेजारी, लहानपणी उभा राहायचा तसा, पाठ भिंतीला टेकवून उभा राहिला.

लिफ्ट पाचव्यावर गेली. मिस्त्री तोवर जिन्याने वरच्या मशीनघरात पोचले होते. त्यांचा आवाज आला, "सोडू का?"

"सोडा," ताई म्हणाली.

पायाखालचं सगळं निघून गेलं. दादाने डोळे मिटले. त्या बाईलाही असंच झालं असेल, आणि तिच्या खाली काहीच नव्हतं. मग खटका पडला, पोलाद पोलादावर कर्कश ओरडलं आणि हिसका बसून लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला. अंधारात त्याला कळलं की आपण ताईचं मनगट घट्ट धरून ठेवलंय.

"काय झालं?" मिस्त्री वरून ओरडले. "बोला की!"

ताई थांबली. थोरला बरोबर असला की त्यानेच सांगायचं, अशी घरची सवय.

"तू सांग," दादा म्हणाला. "फेरी तुझी आहे."

तीस वर्षं तो शब्द तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "धरली!"

खाली बाकावर शिंप्याने तो आवाज ऐकला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मोठ्याने रडला.